वस्तादांचा चेहरा भरला

धुकं इतकं दाट होतं की रस्त्यापलीकडचं बसडेपोचं फाटक दिसत नव्हतं, नुसती इंजिनं खाकरताना ऐकू येत होती. थंडीत जुन्या गाड्या सकाळी अशाच कुरकुरतात. खानावळीचं शटर अर्ध्यावर गेलं आणि त्याखालून आधी बादली, मग झाडू आणि मग अजूनघेबाई बाहेर आल्या. पायरी धुतली, झाडली. कालच्या राखेचा डबा कडेला नेऊन ओतला. आत मोठ्या पातेल्यात पाणी चढलं होतं. बाईंनी तांदूळ निवडायला घेतले तसा पहिल्या फेरीचा उंच ड्रायव्हर मान वाकवून आत आला. हा माणूस या दारातून ताठ मानेनं कधी आत आलेला नाही.

अजूनघेबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. जेवणाऱ्यानं ताटावरून हात उचलला की बाईंचा वाढायचा डाव पुढं येतो, "अजून घे." नको म्हटलं तरी पडतं आणि हो म्हटलं तर दुप्पट पडतं. डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यावरून नाव पाडलं. तोंडावर मात्र सगळे मावशीच म्हणतात. डावाचा मान ज्याला त्याला कळतो.

बाईंची एक खोड होती. माणूस दारातून आत आला की त्या आधी त्याच्या गालांकडं बघायच्या. एखादा नवा कंडक्टर घर सोडून आलेला, गालाची हाडं वर आलेली, असा दिसला की बाईंना चेव यायचा. महिन्या-दोन महिन्यांत त्याला खाऊ घालून असा टुमटुमीत करायच्या, की पुढच्या बाकावरच्या माणसाला कोपरानं ढोसून सांगायच्या, "बघितलेस ना? हे गाल माझे." पोराच्या आईनं सांगावं तशा ठसक्यात. डेपोत बाईंचे निदान तीसएक जोड गाल फिरत होते म्हणा ना.

आणि नेमका अशा बाईचा नवरा सुकत चालला होता.

वस्ताद म्हणजे डेपोतले मोठे मेकॅनिक. इंजिनाला कान लावला की कुठला वॉल्व्ह रडतोय ते सांगायचे. खोकला लागला, तो धुराचा म्हणून वर्षभर अंगावर काढला, आणि फोटो काढला तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या अंगाला गाठ निघाली. तोवर तिनं आसपास बिऱ्हाडं थाटली होती. हाडातसुद्धा. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर सरळ बोलले, "हा कॅन्सर जाणार नाही. त्याला आवरून धरायचं, जेवढं जमेल तेवढं." वस्ताद म्हणाले, "म्हणजे नवं इंजिन मिळणार नाही, ह्याच्यावरच गाडी ओढायची." डॉक्टर हसले नाहीत, वस्ताद हसले.

तेव्हापासून ते खानावळीच्या गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे, अंगावर शाल, दर खेपेला थोडे आणखी खंगलेले. आल्यागेल्याची नजर आधी त्यांच्या खोल गेलेल्या गालांवर जायची आणि मग बाईंच्या डावाकडं. कुणी बोलायचं नाही. बोलली ती नणंद. भावाला बघायला आली आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "दुनियेची पोटं भरतेस वहिनी, आणि घरात हाडं मोजून घ्यावीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." त्या दिवशी त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं.

मग त्या जिद्दीला पेटल्या. सकाळी दुधात अंडं घोटून. दुपारी हाडांचं सूप, तासन्‌तास आटवलेलं. संध्याकाळी मऊ भात, वर लोण्याचा गोळा. वस्ताद दोन घास खाऊन तोंड फिरवायचे. बाई वाटी घेऊन तशाच उभ्या राहायच्या, बसवाल्यानं फाटकात हॉर्न देत उभं राहावं तशा. ते वैतागून तिसरा घास घ्यायचे.

आणि मग एके दिवशी चेहरा भरला.

आधी डोळ्यांखालचे खड्डे बुजले. मग गाल वर आले, गोलसर, त्यावर जरा लालीसुद्धा. मान जाड झाली. खानावळीत नुसता जल्लोष. उंच ड्रायव्हर म्हणाला, "वस्ताद, हवा भरली का टायरात?" दुसरा म्हणाला, "हवा नव्हे रे, लोणी आहे ते." कंडक्टर मंडळींनी येता-जाता वस्तादांचे गाल ओढायचे तेवढे बाकी ठेवले. वस्तादसुद्धा खुशीत. खिशातल्या कंगव्यानं भांग पाडायला लागले. बाईंचा पाय जमिनीला लागेना. त्यांनी नणंदेला फोन लावला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वन्सं, येऊन जा एकदा. दादा आठवण काढतात." दादांनी काही आठवण काढली नव्हती. नणंदेनं ते गाल डोळ्यांनी बघावेत, एवढंच बाईंना हवं होतं.

ती आज येणार होती.

म्हणून बाईंनी वस्तादांना इस्त्रीचा शर्ट काढून दिला. ते आतल्या खोलीतून बटणं लावत आले. वरचं बटण काही लागेना. कॉलर दोन बोटं मागं राहत होती.

"अगं, हा शर्ट आटलाय का?"

"शर्ट कशानं आटतोय? तुमची मान वाढली," बाई म्हणाल्या. अभिमान लपवायची त्यांना सवयच नव्हती. "राहू दे उघडं. वन्संना दिसू दे."

"आणि पट्टा बघ जरा. पँट खाली येतेय. तुझ्या नणंदेसमोर शोभा नको."

पट्टा शेवटच्या भोकावर होता, तरीही कंबरेवर ढिला. बाईंनी सळई चुलीत लालसर तापवली आणि पट्ट्याला नवं भोक पाडायला घेतलं. कातड्याचा जळका वास पसरला. भोक आरपार गेलं, तसा बाईंचा हात जागीच थांबला.

वर कॉलर पुरत नाही. खाली पट्ट्याला भोकं पुरत नाहीत.

वीस वर्षं माणसं जाड करत आलेली बाई ती. माणूस कसा भरतो ते तिला ठाऊक होतं. आधी पोट सुटतं, मग मांड्या, मग कुठं गालांचा नंबर. नुसतं मुंडकं जाड झालेलं एकही गिऱ्हाईक तिनं बघितलं नव्हतं. आठवडाभर मात्र ती फक्त गालच बघत आली होती, कारण तिला गालच हवे होते.

"अहो, तो चमचा पडलाय बघा खाली. द्या जरा."

चमचा बाईंनी मुद्दाम पाडला होता. वस्ताद वाकले. वर आले तेव्हा चेहरा वांग्यासारखा जांभळा पडला होता, डोळे वटारलेले. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"काय होतंय?"

"काही नाही. वाकलं की डोकं भरून येतं. फुटतंय की काय असं. जातं मग."

"कधीपासून?"

"अगं, जातं म्हटलं ना."

बाईंना एकेक आठवायला लागलं. वस्ताद हल्ली आडवे होत नव्हते, भिंतीला टेकून उशांवर उशा रचून झोपत होते. आवाज घोगरा झाला होता. त्यावर उंच ड्रायव्हर म्हणाला होता, पैलवानाचा आवाज आला. सकाळी उठल्यावर गाल जास्त फुगलेले असायचे, दुपारी जरा उतरायचे. रात्रीचं जेवण अंगी लागतं म्हणून, असा हिशेब बाईंनी मनाशी बांधला होता. त्यांनी पुढं होऊन वस्तादांच्या शर्टाची आणखी दोन बटणं काढली. छातीवर निळ्या शिरा उठल्या होत्या, जाड, वाकड्यातिकड्या. पूर्वी तिथं काही नव्हतं.

हॉस्पिटलातल्या सिस्टरचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. "काहीही वेगळं दिसलं तर फोन करा," असं ती दर वेळी सांगायची. बाईंनी फोन हातात घेतला आणि तसाच धरून राहिल्या. विचारलं की उत्तर मिळणार. उत्तर काय असेल ते कळत नव्हतं, पण हे गाल आपले नाहीत एवढं कळून चुकलं होतं.

"कुणाला लावतेस?" वस्ताद म्हणाले. "सिस्टरला? मुळीच नाही हं. जरा माणसात आलोय, तर परत त्या नळ्या आणि सुया. आरशात माझं मला ओळखू येतंय इतक्या दिवसांनी. संध्याकाळी बघू."

"तुम्हाला येतंय. मला येत नाहीये ओळखू," बाई म्हणाल्या आणि नंबर दाबला.

सिस्टर आधी हसूनच बोलली. "काय मावशी, खातात का नीट?"

"सिस्टर, चेहरा भरलाय त्यांचा."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत? काही गोळ्यांनी चेहरा फुगतो."

बाईंनी नावं वाचून दाखवली. "त्यांतली एकही नाही," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज बदलला. "हात सुजलेत?"

बाईंनी बघितलं. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता. "हो."

"पाय?"

"पायांच्या नुसत्या काड्या."

"वाकल्यावर डोकं जड होतं?"

"जांभळे होतात."

"मावशी, आत्ता निघा. दुपारपर्यंत थांबू नका. बसवून आणा, अजिबात आडवं करू नका. मी डॉक्टरांना सांगून ठेवते. आणि ऐका, ही चरबी नाही. डोक्याकडचं रक्त खाली उतरत नाहीये."

बाईंनी फोन ठेवला, चुलीवरचं पातेलं उतरवलं, ओल्या हातांनीच केसांवरून हात फिरवला. एवढ्यात दारात नणंद उभी.

हातात पिशवी, अंगात चांगलं ठेवणीतलं स्वेटर. तिनं भावाकडं बघितलं आणि बघतच राहिली. मग पिशवी बाकावर ठेवून सरळ वहिनीपाशी आली.

"वहिनी, मी तोंडाळ आहे ते मला ठाऊक आहे. तेव्हा जे बोलले ते मागं घेते. काय केलंस गं तू, दादा केवढा छान दिसतोय."

चार बाकांवर डेपोची माणसं बसलेली. सगळ्यांनी ऐकलं. जे ऐकायला बाईंनी इतकी अंडी घोटली, इतकी हाडं उकळली, ते चारचौघांत त्यांच्या पदरात पडलं होतं. नुसतं हसून घेतलं असतं तरी चाललं असतं. निघता निघता गुपचूप गाडीत बसता आलं असतं.

"वन्सं, ती सूज आहे," बाई म्हणाल्या. मोठ्यानं, चौघांना ऐकू जाईल असं. "मी गाल समजून मिरवत होते. आतून काहीतरी दाबलं गेलंय. हॉस्पिटलात चाललोय. तुम्ही इथं बघा, भात अर्धा झालाय."

नणंदेनं स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. वस्तादही आता मुकाट्यानं उठले. बायको चारचौघांत हरले असं स्वतःहून म्हणते म्हणजे प्रकरण खरंच गंभीर आहे, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं.

उंच ड्रायव्हरनं बाजूच्या गॅरेजमधली गाडी काढली. मागची सीट पाडून त्यावर गादी टाकायला लागला. "वस्ताद, आडवे व्हा निवांत. पाय वर घ्या."

"गादी काढ," बाई म्हणाल्या.

"मावशी, आजारी माणसाला बसवून नेतात का कुठं? धक्के लागतील."

"बसवूनच न्यायचंय. तू रस्त्याचं बघ, मी माणसाचं बघते."

धुकं अजून उठलं नव्हतं. ड्रायव्हर दिवे लावून, हॉर्न देत गाडी काढत होता आणि मागं बाई वस्तादांच्या पाठीला पाठ लावून बसल्या होत्या, त्यांना टेकायला मिळावं म्हणून. वस्तादांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मध्येच ते म्हणाले, "तिसऱ्या गिअरला खरखरतेय रे. क्लच बघून घे."

"तुमचा श्वास बघा आधी," बाई मागून म्हणाल्या.

"तोच तर बघवत नाही, म्हणून क्लच बघतोय."

हॉस्पिटलात ऑक्सिजन लागला, छातीचा स्कॅन निघाला, आणि तरण्या डॉक्टरीणबाई पडद्यावरचं चित्र दाखवत खुर्ची ओढून बसल्या. डोक्यातलं आणि हातांतलं रक्त घेऊन एक मोठी शीर हृदयाकडं खाली उतरते. गाठीनं तिलाच बाहेरून दाबलं होतं, जवळजवळ मिटवलं होतं. रक्त वरच अडून राहतं, म्हणून तोंड सुजतं, छातीच्या शिरा आडवाटेनं रक्त उतरवायला बघतात. "सगळ्यांना होत नाही हे, थोड्यांनाच होतं," त्या म्हणाल्या. "पण सूज मेंदूकडं किंवा श्वासनळीकडं गेली की वेळ राहत नाही. तुमची श्वासनळी सुजायला लागली होती."

वस्तादांनी मास्क जरा बाजूला केला. "परतीचा पाईप चेपलाय. पंप चांगला आहे ना?"

"पंप चांगला आहे."

"मग पाईप उघडा."

"तेच करणार आहोत. मांडीतल्या शिरेतून जाळीची नळी वर नेऊन तिथं बसवायची. गाठ तशीच राहणार, पण वाट मोकळी होईल."

डॉक्टरीणबाई उठल्या तशा अजूनघेबाई त्यांच्या मागं बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात हळू आवाजात विचारलं, "माझ्या खाण्यानं झालं का हो हे? लोणी फार घातलं मी."

"नाही. खाण्यानं झालं नाही, आणि खाण्यानं टळलंही नसतं." मग दोन पावलं जाऊन त्या परत वळल्या. "खाल्लंय म्हणून हे सोसायची ताकद आहे त्यांच्यात. ते मात्र तुमचं."

बाईंनी मान डोलावली. नळी बसेपर्यंत त्या बाकड्यावर ताठ बसून राहिल्या, शेजारचीनं बिस्किट पुढं केलं तर नको म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा खाण्याला नाही म्हणत असाव्यात.

दुसऱ्या दिवशी पडदा सरकवून आत गेल्या तर कॉटवर त्यांचा जुनाच नवरा बसला होता. सूज अर्ध्याहून जास्त उतरली होती. गाल खोल. मान कोंबडीसारखी. जांभळेपणा गेलेला. वस्ताद सपाट उशीवर डोकं ठेवून दाखवत म्हणाले, "बघ, आडवा होतोय." आणि झाले. श्वास शांत चालला होता, शिट्टी नाही, खरखर नाही. बाई कितीतरी वेळ नुसत्या त्या खोल गालांकडं बघत राहिल्या.

"काय बघतेस? गेले तुझे गाल."

"जाऊ देत. तुमचे आले," बाई म्हणाल्या.

घरी आणलं त्या दिवशी खानावळीत एक कंडक्टर नको तितक्या उत्साहानं म्हणाला, "छान दिसताय हं वस्ताद."

"खोटं बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "छान दिसत होते तेव्हा मरायला टेकले होते. आता हाडं दिसतायत आणि श्वास चाललाय. नीट बघून घ्या सगळ्यांनी. परत कुणाचा चेहरा एकाएकी भरला तर टाळ्या पिटू नका, कंबर बघा."

मग तिथंच उभं राहून त्यांनी सगळी हकीकत सांगितली, पट्ट्याच्या भोकापासून. स्वतःची फजिती त्या अशी रंगवून सांगत होत्या की ऐकणारा हसू का नको या पेचात पडावा. वस्ताद मधूनमधून दुरुस्ती करत होते, "सळई नव्हती, खिळा होता," आणि बाई "तुम्ही तेव्हा जांभळे होतात, तुम्हाला काय दिसणार," म्हणून पुढं जात होत्या.

नणंद मोरीपाशी उभी होती, बाईंचा एप्रन बांधून. एवढे दिवस खानावळ तिनं एकही वेळ बंद ठेवली नव्हती. पुढं येऊन बाकांवरच्यांना म्हणाली, "ऐकलंत ना? आमच्या वहिनीनं ओळखलं. दुसरी असती तर कौतुक घेत बसली असती. मी तर दारातच द्यायला उभी होते."

"ओळखलं सिस्टरनं," बाई म्हणाल्या. "माझं काय त्यात."

"फोन कुणी लावला?" वस्ताद खुर्चीतून म्हणाले. त्यांचा आवाज परत पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. "मी नको म्हणत होतो. आणि चौघांच्या देखत ती सूज आहे असं कोण म्हणालं? मला विचारा. हिला हार मानताना मी लग्नाच्या दिवसापासून बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. कुणाची बायको असं करेल सांगा." त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. छाती जमेल तेवढी पुढं काढलेली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ तिथंच आहे, नळी किती दिवस टिकेल ते कुणी लिहून देणार नाही. हे दोघांनाही पाठ होतं. बाईंनी वस्तादांच्या अंगावरची शाल उगाचच नीट केली आणि तोंड फिरवलं. डोळे पुसले ते नणंदेला दिसू नयेत म्हणून मोरीपाशी गेल्या. तिथं त्यांची नजर मोठ्या पातेल्यावर पडली. बुड काळंठिक्कर, भाताची खरपुडी चारही बाजूंनी चिकटलेली.

"वन्सं, हे काय?"

"त्या दिवशी लागला जरा. निघत नाहीये."

"जरा? ह्याला जरा म्हणतात तुमच्याकडं?"

"तू भात अर्धा टाकून गेलीस, वहिनी."

"म्हणून तुम्ही पूर्ण जाळलात." बाईंनी एप्रन तिच्या कंबरेचा सोडवून स्वतःला बांधला, पातेलं आडवं केलं, मूठभर राख घेतली आणि खाली बसून घासायला लागल्या.